विचारायला कोणी नसतं तेव्हा काय लिहावं? : पांडवलेणीपासून एआय एजंटपर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी कळवलं, की तत्त्वज्ञान आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर यांची सांगड कशी घालणार? शंका रास्त आहे. पण आमच्या मते हा विषय यंत्राइतकाच भाषेचा आहे, आणि नाशिककरांना तो नवा नाही. आपल्या गावात त्याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा दाखला दगडात कोरलेला आहे. तिकडे जाण्याआधी आजचा प्रश्न नीट मांडून घेऊ.

लग्नपत्रिका करायला आपण डीटीपीच्या दुकानात जातो. ऑपरेटरला म्हणतो, "ताई, मुलाचं नाव जरा मोठं करा." ताई विचारते, "काका, एवढं? दोन ओळी झाल्या तर चालतील?" तिला स्क्रीन दिसतो, आपला चेहरा दिसतो आणि तिच्या हाताशी दहा वर्षांचा सराव असतो. आपण अर्धवट बोललेलं ती पूर्ण करून घेते.

आता ताईच्या जागी एआय एजंट आहे असं समजा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली कामं त्याला 'टूल' या रूपात दिली जातात. चौकट काढणं हे एक टूल, मजकूर बदलणं हे दुसरं, रंग भरणं हे तिसरं. प्रत्येक टूलबरोबर त्याच्यापर्यंत मुख्यतः तीन गोष्टी जातात : टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला, त्यातही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. एजंट हे वाचतो, एखादं टूल निवडतो, त्यात आकडे भरतो आणि काम होऊन जातं. पुष्कळदा त्याला स्क्रीन दिसतही नसतो. आणि ज्याने ते वर्णन लिहिलं, तो माणूस तिथे नसतो.

म्हणजे प्रश्न असा : जो आपल्याला उलट विचारू शकत नाही, त्याच्यासाठी काय लिहून ठेवायचं?

चला, पांडवलेणीला जाऊ. त्रिरश्मी डोंगरावरच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचा लेख आहे. एकोणिसाव्या शतकात भांडारकरांनी आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या लेखांवर काम केलं, पुढे सेनार या फ्रेंच पंडिताने ते संपादित केले. उषवदाताने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. 'कायमची' हा शब्द लक्षात घ्या. हा व्यवहार आपल्या मागे कोण चालवणार, हे त्याला माहीत नाही. ती माणसं त्याला विचारायला येणार नाहीत. मग त्याने काय लिहिलं?

रक्कम कुठे ठेवली ते लिहिलं : गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. हे गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचंच, असं मानतात. कोणत्या दराने ते लिहिलं : २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. कशासाठी ते लिहिलं : पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशोब करून पाहा. २००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक कार्षापण इकडे तिकडे नाही. शंभर वर्षांनंतरच्या कारभाऱ्यालाही हा लेख वाचून स्वतःचा हिशोब ताडून पाहता येतो.

त्याने काय करू नये, हेही लिहिलं. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज उपभोगायचं. त्यासाठी प्राकृतात दोन शब्द आहेत, 'अपडिदातवा' आणि 'वढिभोजा'. आणि हे सगळं निगमसभेत ऐकवलं आहे, फलकांवर नोंदवलं आहे, असंही सांगितलं.

याच लेखात पुढे देव आणि ब्राह्मण यांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे. तिथे आकडा लिहून तो थांबत नाही. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून एकूण २००० सुवर्ण, असं गणित मांडून ठेवतो. नाण्यांचे भाव बदलतात हे व्यवहारी माणसाला ठाऊक असतं, म्हणून त्याने एकक आणि दर दोन्ही कोरून ठेवले.

आता दुसरी बाजू. लेखाची सुरुवात 'वर्ष ४२' अशी आहे. कोणत्या संवताचं ४२? ते लिहिलेलं नाही. शक संवत धरला तर इसवी सन १२० येतं. पण हा आकडा नहपानाच्या स्वतःच्या कारकिर्दीचा मानून त्याला त्याहून मागे नेणारे अभ्यासक आहेत, आणि त्यावर बरीच शाई खर्च झाली आहे. तसंच दुसऱ्या ठेवीचं. त्या १००० च्या व्याजातून 'कुसण' द्यावं असं लेख सांगतो. वर्षाचे ९० कार्षापण हा हिशोब आपण करू शकतो, पण कुसण म्हणजे नेमकं काय, याचे अर्थ पंडितांनी वेगवेगळे लावले आहेत.

हे असं का झालं असेल? नाण्याचा दर त्याला शंकेचा वाटला, म्हणून तो त्याने लिहिला. वर्ष कोणतं आणि कुसण म्हणजे काय, हे त्या काळी गोवर्धनातल्या पोरासोरांनाही ठाऊक असणार. 'हे काय सांगायचं?' असं जे वाटलं, ते राहून गेलं. आणि आज आपण अडखळतो ते नेमके तिथेच. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या : लिहिणारा त्याला शंकास्पद वाटतं ते लिहितो आणि उघड वाटतं ते गाळतो, आणि परका वाचणारा त्या गाळलेल्या जागी फसतो.

टूलची वर्णनं लिहिताना हेच घडतं. फिग्मा नावाच्या डिझाइन सॉफ्टवेअरसाठी प्लगइन लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं, की तिथे लाल, हिरवा, निळा यांची मूल्यं ० ते १ या पट्टीत द्यायची. पण इतरत्र हीच मूल्यं सर्रास ० ते २५५ अशी दिली जातात. वर्णनात नुसतं 'रंग द्या' असं असेल तर एजंट २५५ पाठवू शकतो. हा कार्षापण-सुवर्णाचाच प्रश्न झाला. तसंच जागेचं. फिग्मात एखाद्या वस्तूची जागा ती ज्या चौकटीच्या आत आहे तिच्या कोपऱ्यापासून मोजतात. वेबपानावर मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून होते, तर पीडीएफमध्ये मूळ खालच्या डाव्या कोपऱ्यात. नुसतं 'आडवं अंतर १००, उभं अंतर ४०' लिहिलं, की विचारावं लागतं : कुठून? हा 'वर्ष ४२' चा प्रश्न झाला. आकडा आहे, पण तो कुठून मोजायचा ते नाही.

अजून एक लेख पाहू. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे, त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षातली. राजा सैन्याच्या तळावर आहे, आणि आज्ञा आहे गोवर्धनातल्या विष्णुपालित या अमात्याला. काखडी गावातलं, पूर्वी उषवदाताकडे असलेलं, २०० निवर्तनांचं शेत भिक्षूंना द्यायचं. तोंडी आज्ञा झाली, मग ती लिहिली गेली, हेही लेखात नमूद आहे. आणि नुसतं 'शेत द्या' असं नाही. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, मुलखाच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये, अशा सवलती एकेक नाव घेऊन सांगितल्या आहेत. अधिकाऱ्याला 'नीट वागा' म्हणून भागत नाही. काय करायचं नाही याची यादी द्यावी लागते, हे सातवाहनांच्या दफ्तराला कळत होतं.

याला लागूनच चोविसाव्या वर्षाचा लेख आहे. आता अमात्य दुसरा आहे, श्यामक. आज्ञेत राजमाताही सहभागी आहे. ती म्हणते, पूर्वी काखडीला दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजकीय शेतातली १०० निवर्तनं द्यावीत.

आम्हाला हा दुसरा लेख पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पहिल्या आज्ञेचं शब्दांकन चोख होतं, तरी ती जमिनीवर उतरली नाही. सहा वर्षांनी कोणीतरी जाऊन पाहिलं असणार, काय झालं ते कळवलं असणार, आणि आज्ञा बदलली. जुनी खोडून टाकली नाही, का बदलली हे सांगून नवी तिच्याशेजारी कोरली. टूलचं वर्णन लिहून झालं, की काम संपलं असं मानणाऱ्याने हे दोन लेख एकदा जोडीने वाचावेत. एजंटला पाच-दहा कामं देऊन पाहायची, तो कुठे घसरतो ते टिपायचं, आणि वर्णन सुधारायचं. आज्ञा चांगली आहे की नाही, हे आज्ञेकडे बघून ठरत नाही. शेत नांगरलं गेलं का, यावर ठरतं.

इथपर्यंत झाला इतिहास. पण असं लिहायचं कसं याचं शास्त्र आपल्याकडे होतं का? होतं. न्यायशास्त्रात लक्षण, म्हणजे व्याख्या, कशी करावी याची चर्चा आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या पाठाचा ग्रंथ राहिला आहे. लक्षणाचे तीन दोष सांगतात : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. उदाहरण गाईचं. 'जिला शिंगं असतात ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'जिला एकच सलग खूर असतो ती गाय' म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. मग निर्दोष लक्षण कोणतं? गळ्याखाली लोंबणारी पोळी, संस्कृतात सास्ना.

आता टूलकडे पाहा. 'मजकुराचं रूप सुधारतं' असं वर्णन लिहिलं तर ही अतिव्याप्ती. फॉन्ट बदलायचा असो, रंग बदलायचा असो की चूक दुरुस्त करायची असो, एजंट हेच टूल उचलेल. 'शीर्षकाचा मजकूर बदलतं' असं लिहिलं, आणि टूल प्रत्यक्षात कुठलाही मजकूर बदलू शकत असेल, तर ही अव्याप्ती. परिच्छेद बदलायची वेळ आली की एजंट म्हणेल, माझ्याकडे साधन नाही. आणि सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतलं, आता राहिलंच नाही असं काम वर्णनात तसंच राहून गेलं असेल, तर तो असंभव. प्रत्येक टूलची सास्ना कोणती, शेजारच्या टूलपासून ते कशाने वेगळं पडतं, हे सापडलं की निम्मं वर्णन झालं.

उरलेलं निम्मं मीमांसकांकडून घ्यावं. वेदातली विधिवाक्यं वाचून यज्ञ बिनचूक कसा करावा, हा त्यांचा प्रश्न. सांगणारा समोर नाही, आणि मीमांसकांच्या मते तर वेदाला कर्ताच नाही, त्यामुळे विचारायची सोयच नाही. या मंडळींनी कोणत्याही विधीला तीन प्रश्न विचारले. काय साधायचं? कशाने साधायचं? कसं साधायचं? पहिलं साध्य, दुसरं साधन, तिसरी इतिकर्तव्यता, म्हणजे आधी काय, मग काय, कोणत्या अंगांसकट. सतराव्या शतकात आपदेव या महाराष्ट्रीय कुळातल्या पंडिताने 'मीमांसान्यायप्रकाश' लिहिला, त्यात हे सगळं विस्ताराने आहे.

टूलच्या वर्णनात साध्य आणि साधन बहुधा असतं. गळते ती इतिकर्तव्यता. फिग्मात मजकूर बदलण्याआधी त्याचा फॉन्ट लोड करावा लागतो, नाहीतर चूक येते. वर्णनात हा क्रम नसेल तर एजंट अडतो आणि तेच काम पुन्हा पुन्हा करून पाहत बसतो.

मीमांसकांचा आणखी एक शब्द आज फार कामाचा आहे, तो म्हणजे अर्थवाद. विधीची स्तुती करणारं वाक्य. ते स्वतः काही करायला सांगत नाही, करणाऱ्याला हुरूप देतं. आजच्या टूलची वर्णनं वाचा : 'अत्यंत शक्तिशाली', 'सहज', 'सर्वोत्तम'. हा सगळा अर्थवाद. यजमानाला हुरूप लागत असेल, एजंटला त्याचा उपयोग नाही. उलट स्तुती वाचून नको तिथे ते टूल उचललं जाण्याचा धोका वाढतो.

मग बरं वर्णन कसं दिसतं? उदाहरणादाखल एक लिहून दाखवतो. 'मजकूर बदला. आधीपासून असलेल्या एका मजकूर-चौकटीतला मजकूर बदलतं. चौकटीची जागा, रंग, अक्षरांचा आकार बदलत नाही. नवी चौकट हवी असेल तर "मजकूर जोडा" वापरावं. चौकटीचा क्रमांक आणि नवा मजकूर द्यावा. फॉन्ट आधी लोड केलेला असावा, नसल्यास जुना मजकूर तसाच राहतो आणि "फॉन्ट नाही" असा निरोप मिळतो.' एवढंच. साध्य आलं, सीमा आली, निषेध आला, क्रम आला, आणि काम फसलं तर काय हाती येईल तेही आलं. लांबलचक लिहायची गरज नाही. पन्नास टूलची पन्नास पानं वाचायला दिली तर एजंटही गोंधळतो. नैयायिकांनाही व्याख्येत वायफळ शब्द खपत नसे, लाघव हा त्यांचा गुण.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. 'हे टूल काही पुसत नाही, फक्त वाचतं' अशी खूण मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलवर लावता येते. पण ती सूचना आहे, हमी नाही, हे तिथेच सांगितलेलं आहे. राजाने 'शेतात शिरू नये' असं कोरलं, म्हणून शेताभोवती कुंपण उभं राहिलं नाही. जे काम खरोखर होता कामा नये, ते टूलमध्येच अशक्य करून ठेवावं. शब्दांवर सगळा भार टाकू नये.

शेवटी आपल्या घरचा प्रश्न. या टूलची बहुतेक वर्णनं इंग्रजीत लिहिली जातात, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर रोमन लिपी असते. 'मोठी अक्षरं करा' असं टूल असतं, देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी नाही. 'अक्षरांत अंतर वाढवा, मजकूर मोकळा दिसतो' असं टूल असतं, देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. फ्लेक्सवर अशी तुटलेली मराठी आपण रोज पाहतो.

सर्वांत फसवा शब्द आहे 'अक्षर'. 'मजकूर जास्तीत जास्त १० अक्षरांचा असावा' असं वर्णनात असतं. त्र्यंबकेश्वर या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं पोर सांगेल, पाच : त्र्यं, ब, के, श्व, र. संगणक मोजतो तेरा, कारण युनिकोडमध्ये व्यंजन, हलन्त, काना-मात्रा, अनुस्वार हे सगळं सुटं मोजलं जातं. पाच आहेत म्हणून एजंट निर्धास्तपणे तो शब्द पाठवतो, टूल दहावर कापतं, आणि फलकावर येतं 'त्र्यंबकेश'. मर्यादा आठ असती तर 'त्र्यंबक' उरलं असतं. शब्द अर्थपूर्ण असल्यामुळे ती चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

यात कोणाचा दुष्टावा नाही. लिहिणाऱ्याला 'अक्षर म्हणजे काय' हे उघडच वाटलं, जसं उषवदाताच्या लेखकाला 'कुसण' वाटलं. फरक एवढाच, की तेव्हा वाचणारे गोवर्धनाचे होते आणि लेखक त्यांच्यातलाच होता. आज वर्णन लिहिणारा आपल्यातला नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की ज्या मराठी मुला-मुलींना हे तंत्र येतं, त्यांनी या वर्णनांत एकेक ओळ घालावी. 'देवनागरीत अंतर शून्य ठेवावं.' 'मर्यादा युनिकोड चिन्हांत मोजली आहे, जोडाक्षरांत नाही.' 'निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते आधी तपासावं.' ओळी साध्या आहेत. त्या नसतील तर यंत्र मराठीशी रोमनसारखंच वागेल, आणि अमुकच का केलं हे विचारायला कोणी सापडणार नाही.

काय लिहावं हे कळत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. आपण लिहिलेलं वर्णन त्या धंद्यातला नसलेल्या माणसाला वाचायला द्या, आणि तो काय विचारतो ते लिहून घ्या. त्याने विचारलेलं प्रत्येक 'म्हणजे काय?' आणि 'कुठून?' वर्णनात आलं पाहिजे. एजंट हे प्रश्न बहुधा विचारणार नाही, तो स्वतःच उत्तर धरून चालेल.

पांडवलेणी ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर जाऊन यावं. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्राच्या त्या दोन्ही आज्ञा आहेत, आधीची आणि सुधारलेली. आता तुमचे प्रश्न घेऊ.